वारं गेल्यानंतरचे तास

"बाबांच्या अंगावरून वारं गेलं," असे सांगत नातेवाईक रुग्णाला कॅज्युअल्टीत आणतात. कोणी लकवा म्हणते, कोणी अर्धांगवायू. त्या शब्दातही वायू आहेच. आणि वारेच म्हटले, की ते येते, जाते, त्याला अडवणार कोण? ते गेल्यावर लुळ्या पडलेल्या अंगाला तेल चोळायचे आणि नशिबाला बोल लावायचा, एवढेच माणसाच्या हाती उरते. घरातला कर्ता माणूस सकाळी सहाला पडतो आणि दुपारी दोनला रुग्णालयात पोचतो. मधल्या आठ तासांत घरच्यांनी हयगय केलेली नसते. मालीश चालू असते, पाव्हण्यारावळ्यांना फोन झालेले असतात, वारे ओसरायची वाट पाहिली जात असते.

वारे वगैरे काही नसते. हा पक्षाघात असतो: मेंदूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद पडते, किंवा फुटते. बंद पडण्याचे प्रमाण जास्त, फुटण्याचे कमी. पण दोन्हींची बाहेरून दिसणारी लक्षणे इतकी सारखी, की सीटी स्कॅन झाल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू नये. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली एक हिशेब मांडला. मोठी धमनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मालीश करण्यात गेलेल्या आठ तासांना हा आकडा लावून पाहिला, की 'वारं' हा शब्द किती महाग पडतो ते कळते.

पक्षाघाताच्या रुग्णाचे मूल्यमापन आणि शुश्रूषा या विषयावर मराठीतून वॉर्डात वापरता येईल असे पुस्तक हवे, ही गरज मला पहिल्यांदा जाणवली ती नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणून, पुढे स्टाफ म्हणून, आणि सगळ्यात जास्त शिकवायला लागल्यावर. पाठ्यपुस्तक इंग्रजी, रुग्ण मराठी, आणि मधे उभी असलेली मुलगी मनातल्या मनात भाषांतर करणारी, हे चित्र मी अनेक वर्षे पाहिले. म्हणून या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना शिष्टाचाराचे चार शब्द लिहून मोकळे व्हावे, असे वाटत नाही. हा विषय काय आहे आणि त्यात परिचारिकेचे स्थान कोणते, हे जरा सविस्तर सांगायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पक्षाघातात पाहणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. छातीत दुखणारा रुग्ण ओरडतो, पोटात दुखणारा कण्हतो. पक्षाघाताचा रुग्ण बहुधा दुखते असेही म्हणत नाही. त्याची वाचा गेलेली असते, किंवा आपला हात चालत नाही हेच त्याला उमगत नाही. त्याची तक्रार दुसऱ्या कोणीतरी डोळ्यांनी वाचावी लागते. आणि चोवीस तास त्याच्या आसपास वावरणारी माणसे दोनच: सिस्टर आणि नातेवाईक.

आधी वेळेचे बघू. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेस हे औषध पहिल्या ३ तासांत शिरेतून दिले, तर पुढे स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्यांची संख्या वाढते. २००८ साली युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ साली मोठ्या धमनीतली गुठळी कॅथेटरने ओढून काढण्याचा उपाय सिद्ध झाला, आणि २०१८पासून निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येऊ लागला. त्यामुळे दारात आलेल्या रुग्णाबाबत पहिला प्रश्न वेळेचा असतो, आणि तो कसा विचारला यावर बरेच काही ठरते.

"कधी झालं?" असे विचारले, की उत्तर येते, "सकाळी सहाला." ती घरच्यांच्या लक्षात आल्याची वेळ झाली. झोपेत झाले असेल, तर घड्याळ रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हापासून मोजावे लागते, आणि मग रुग्ण बहुधा औषधाच्या मुदतीबाहेर जातो. जाणती सिस्टर वेगळे विचारते. "शेवटचं धड कधी बोलले? रात्री लघवीला उठले होते का? आपले आपण चालत गेले? दाराची कडी कोणी लावली?" बायको आठवून आठवून सांगते, "पहाटे चारला उठले होते की. मलाच म्हणाले, पांघरूण घे नीट, गार पडलंय." रात्री दहाची वेळ पहाटे चारवर आली. त्या एका वाक्याने सहा तास परत मिळाले आणि सातला आलेला रुग्ण औषधाच्या मुदतीत बसला. केसपेपरवर 'नातेवाईकांकडून माहिती घेतली' एवढेच लिहिले जाईल, पण त्या माणसाचा उजवा हात त्या प्रश्नाने वाचवलेला असू शकतो.

रुग्ण दारात आल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांतच बोटाला टोचून साखरही पाहायची. साखर फार खाली गेली, तरी माणूस एका बाजूने लुळा पडू शकतो, बरळू शकतो. मधुमेहाची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून पोटात काही नाही, असा रुग्ण पक्षाघाताचा म्हणून येतो आणि ग्लुकोज शिरेत गेल्यावर उठून बसतो. गुठळीचे औषध देण्याआधी सगळ्या रक्त तपासण्यांची वाट पाहायची नसते, साखर मात्र पाहायचीच, असा दंडक आहे तो यासाठी.

मूल्यमापनाची साधने आपण बाहेरून घेतली. १९७४ साली ग्लासगोमध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्धीची मोजपट्टी तयार केली; ती आज ३ ते १५ गुणांची आहे. पक्षाघाताची तीव्रता मोजणारी अमेरिकी मोजपट्टी ० ते ४२ गुणांची. दोन्ही उत्तम आहेत, पण आपल्या खाटेपाशी आल्यावर त्यांना थोडे मराठी व्हावे लागते. महिना कोणता आणि वय किती, हे दोन प्रश्न तीव्रतेच्या मोजपट्टीत आहेत. एखादी आजी महिना 'आषाढ' सांगते आणि नवी मुलगी कागदावर 'चूक' लिहिते. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो, वारी नुकतीच पंढरपूरला पोचलेली असते. आजीचे उत्तर अगदी बरोबर असते! वय विचारले तर ती म्हणते, "असेल साठ-सत्तर." ते तिला आजारापूर्वी तरी नेमके ठाऊक होते का, हे मुलाला विचारल्याशिवाय त्यावरून मेंदूचा निवाडा करू नये.

दुसरी चूक याहून मोठी. वाचा गेलेला रुग्ण शब्द जोडू शकत नाही, भलतेच बोलतो किंवा गप्प राहतो. नातेवाईक म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय," आणि आपणही 'रुग्ण गोंधळलेला' असे लिहून मोकळे होतो. भाषा गेलेला माणूस पूर्ण शुद्धीवर असू शकतो. आपल्याविषयी काय बोलले जाते ते त्याला कळतही असते. म्हणून ग्लासगोची बेरीज तेवढी लिहू नये. 'एकूण १२' यातून पुढच्या पाळीला काही कळत नाही. डोळे ४, बोलणे २, हालचाल ६ असे सुटे लिहिले, की उणीव कुठे आहे ते समोर येते. आणि पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी खाटेपाशी उभे राहून एकदा बरोबर तपासावे. एकीच्या लेखी 'हात उचलतो' म्हणजे काय, ते दुसरीने पाहिलेले असले, तरच पहाटे झालेली घसरण खरी की नजरेचा फरक, हे सांगता येते.

अल्टेप्लेस दिल्यावर तर पाहणे हेच काम होऊन बसते. रक्तदाब पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, त्यानंतर १६ तास दर तासाला. बेरीज केली तर एका रुग्णाच्या ३६ नोंदी होतात. आकडा १८०/१०५च्या वर जाऊ द्यायचा नाही. अचानक डोके दुखले, उलटी झाली, गुंगी वाढली, दाब चढला, तर औषध चालू असल्यास ते थांबवून डॉक्टरांना बोलवायचे, कारण मेंदूत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. जीभ किंवा ओठ सुजतात का, तेही पाहायचे. उलट, ज्याला हे औषध दिलेले नाही आणि ज्याची धमनी बंद आहे, त्याचा दाब सुरुवातीला २२०/१२०पर्यंत असला तरी सहसा घाईने उतरवत नाहीत. अर्धमेल्या भागाला तेवढ्याच दाबाने थोडेफार रक्त मिळत असते. २०० आकडा बघून जिभेखाली कॅप्सूल फोडायची जुनी सवय होती. तिने किती रुग्णांचे नुकसान केले असेल, याचा विचार आता करवत नाही.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. नोकरीची पहिली वर्षे होती, रात्रपाळी, चाळीस खाटांचा वॉर्ड. संध्याकाळी दाखल झालेले एक काका, उजवी बाजू गेलेली, पण डोळे उघडे आणि नजर ओळखीची. त्यांची बायको दर थोड्या वेळाने टेबलापाशी येऊन उभी राहायची. "सिस्टर, ओठ वाळलेत हो त्यांचे. दोन घोट पाणी देऊ?" मी लिहिता लिहिता म्हणाले, "चमच्याने द्या, थोडं थोडं." तिने रात्रभर मायेने पाजले. काकांना एकदाही ठसका लागला नाही. सकाळी त्यांचा आवाज घशात पाणी भरल्यासारखा ओला येत होता. तो मी ऐकला आणि पुढच्या खाटेकडे गेले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छाती भरली, आठव्या दिवशी ते गेले. बायको जाताना माझे हात धरून म्हणाली, "तुम्ही खूप केलंत." पाणी श्वासनलिकेत गेले तरी ठसका न लागण्याइतका घसा बधिर होऊ शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिने विचारले होते, हे मात्र मला पक्के आठवते.

कोसळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालणे हा आपल्याकडचा संस्कार आहे. म्हणून पक्षाघातात सिस्टरचे पहिले काम थांबवण्याचे: गिळण्याची परीक्षा होईपर्यंत तोंडाने पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. परीक्षा अवघड नाही. रुग्ण पुरेसा जागा आहे का, टेकून बसवता येतो का, स्वतःची लाळ गिळतो का, सांगितल्यावर खोकून दाखवतो का? तोंड स्वच्छ करून चमचाभर पाणी द्यायचे, गळ्याची हालचाल बघायची, मग 'आ' म्हणायला लावून आवाज ऐकायचा. खोकला आला, आवाज ओला झाला, श्वास वाढला, की तिथेच थांबायचे आणि नळीचा विचार करायचा.

या साध्या कामाची ताकद केवढी, ते ऑस्ट्रेलियात दिसले. परिचर्येच्या प्राध्यापक सँडी मिडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांपैकी काहींत ताप, साखर आणि गिळणे एवढ्या तीनच गोष्टींची परिचारिकांच्या हातातली शिस्त बसवली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९० दिवसांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण जिथे ही शिस्त होती तिथे ४२ टक्के, जिथे नव्हती तिथे ५८ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि चमचा.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला अंगाची देखभाल सविस्तर मिळेल, म्हणून मी भरभर जाते. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा गादीवरून उचललेल्या ठेवणे, लघवीची नळी गरज संपताच काढणे, शौचाची वेळ लावणे. लुळ्या हाताला धरून रुग्णाला वर ओढू नये; खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराविना लोंबकळत असतो, एका हिसक्यात तो निखळतो आणि पुढे महिनोन् महिने दुखतो. मावशी आणि वॉर्डबॉय यांनाही हे शिकवावे, कारण उचलतात बहुधा तेच. लवकर उठवणे चांगले, पण पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जोर लावून चालवण्याने फायदा होण्याऐवजी तोटा दिसला, असे २०१५ सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सांगितले.

एका खुणेपाशी मात्र थांबते, कारण ती आपल्या ताटात दिसते. मेंदूची उजवी बाजू दुखावली, की काही रुग्णांच्या लेखी डावीकडचे जगच उरत नाही. डोळे शाबूत असतात, पण लक्ष तिकडे वळत नाही. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. सून सांगते, "चटणीशिवाय घास उतरायचा नाही त्यांना, आता बोटसुद्धा लावत नाहीत. चव गेली बहुतेक." सिस्टरने ताट अर्धे फिरवून पाहावे. आता डावीकडे गेलेली भाजी तशीच राहते आणि चटणी संपते. हे घरच्यांना समजावले, की भेटायला येणारा नातू डाव्या बाजूला उभा राहून 'आजोबा ओळखत नाहीत' म्हणून रडत नाही. बोलावे उजवीकडून, हळूहळू डावीकडे बोलवावे.

वाचेचेही तसेच. 'पाणी' हा शब्द न सापडणारा माणूस देवघरातली आरती सुरात म्हणतो, एक ते दहा आकडे घडाघडा सांगतो. पाठ झालेले बोलणे आणि मनातून जुळवलेले बोलणे यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. एका खाटेवरून महिन्याभरात निघालेला पहिला स्पष्ट शब्द शिवीचा होता. मुलगी लाजली, मी तिला पेढे आणायला सांगितले.

शेवटी घर. आपला बहुतेक पक्षाघात रुग्णालयात नसतोच. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची कारणे शोधली, २०१५ साली निष्कर्ष छापून आले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे, म्हणजे १४.३ टक्के, सगळ्या कारणांत हे पहिले. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के घरीच गेले. जंगलातल्या जिल्ह्यात असे असताना हा आजार शहरी, सुखवस्तू लोकांचा मानायची सोय आता राहिलेली नाही. मग घरच्यांनाच शिकवून सगळे त्यांच्यावर सोपवावे का? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हेही करून पाहिले गेले. एका गटाच्या कुटुंबांना व्यायाम आणि देखभाल शिकवून घरी पाठवले, दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी रुग्ण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. मी याचा अर्थ असा लावते, की माया असणे आणि दोन दिवसांत शिकून घेणे एवढ्यावर परिचर्या उभी राहत नाही. घरातली बाई आधीच चूल, शेत, मुले सांभाळत असते. तिच्या खांद्यावर आणखी एक यादी ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. शिकवायचे जरूर, पण पाठोपाठ आशाताई, उपकेंद्रातली नर्स, रक्तदाबाच्या गोळ्यांचा अखंड पुरवठा हेही घरापर्यंत पोचले पाहिजे. बरे वाटले म्हणून गोळी बंद केलेला रुग्ण दुसऱ्या झटक्याने परत येतो, तेव्हा चूक त्याच्या एकट्याची नसते.

हे पुस्तक या क्रमानेच रचले आहे: दारातली दहा मिनिटे, पहिले २४ तास, वॉर्डातला आठवडा आणि घर. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रुग्णाला आणि नातेवाईकांना विचारायचे प्रश्न बोलीत दिले आहेत. ते पाठ करू नयेत, आपल्या तालुक्याच्या बोलीत फिरवून घ्यावेत. औषधांच्या मात्रा आणि मर्यादा काळानुसार बदलतात. आपल्या रुग्णालयाची चालू सूचना आणि डॉक्टरांचा लेखी आदेश पुस्तकाच्या वर मानावा.

त्या काकांच्या नंतर मी वॉर्डात पक्षाघाताच्या प्रत्येक खाटेच्या उशाशी पुठ्ठा लावायला सुरुवात केली. आधी त्यावर लिहिले, 'तोंडाने काही देऊ नये.' पण ज्यांनी वाचायचे, त्यांतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हते. मग पेल्याचे चित्र काढून त्यावर लाल फुली मारली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका रात्री राउंड घेत होते. नव्या रुग्णाची बायको, नऊवारीतली, हातात रिकामा पेला घेऊन फुलीकडे बघत बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला सगळे समजावून सांगितले असावे. मी जवळ गेले तशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, ह्यांची गिळायची परीक्षा कधी घेताय? तवर मी पाणी देत न्हाई."

मी चमचा आणायला गेले.